‘मावशी, परत एकदा घ्या ना’

‘ताई, माझं वय २६. कुर्ल्यात मिठी नदीच्या काठच्या वस्तीत जन्मलो, अजून तिथेच राहतो. तीन वर्षं आमच्या भागातल्या एका नेत्याचं फेसबुक-इन्स्टा मी सांभाळतो. सगळे त्यांना साहेब म्हणतात. महिना अठरा हजार मिळतात. गेल्या ऑगस्टात मिठी चढली आणि आमच्या गल्लीत कमरेएवढं पाणी आलं. दुसऱ्या दिवशी साहेब रेशन किट घेऊन आले. शेजारच्या मावशीला किट देताना फोटो हलला. मी म्हणालो, “मावशी, परत एकदा घ्या ना, इकडे बघून.” तिने किट साहेबांच्या हातात परत दिलं आणि पुन्हा घेतलं. तो फोटो फिरत फिरत तिच्या मुलीच्या सासरी संगमेश्वरला पोचला. सासूने सुनेला विचारलं, “तुझ्या आईवर ही वेळ आली?” तेव्हापासून मावशी माझ्याशी बोलत नाही. किट न उघडता पोटमाळ्यावर ठेवलंय. आई कामाला जायची तेव्हा मला याच मावशीने सांभाळलंय. त्या दिवशी गाडीत बसल्यावर साहेब पाचेक मिनिटं गप्प होते, मग म्हणाले, “व्हिडिओत आवाज नीट आलाय ना?” ताई, या लोकांना खरंच वाईट वाटतं का? मी हे काम सोडू का? पावसाळा तोंडावर आलाय.’
साहेबांचा माणूस, कुर्ला

तुझं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा राग आला, तोही तुझाच. दुसऱ्यांदा लक्षात आलं, की तू लिहायला बसलास साहेबांविषयी आणि जीव ओतलास मावशीवर. म्हणून मीही मावशीपासूनच सुरुवात करते. साहेब थांबतील. लोकांना ताटकळत ठेवायची त्यांना सवय असते, एकदा स्वतः थांबून बघू देत.

मावशी कशामुळे दुखावली, हे तुला नीट कळलेलं नाही असं मला वाटतं. तू सगळा दोष फोटो फिरल्याला देतोस. पण पुरात मदत घेण्याची लाज आपल्या वस्त्यांमध्ये कुणाला वाटत नाही रे. आज हा देतो, उद्या तो देतो. २६ जुलै २००५ ला सांताक्रुझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा गाड्या रस्त्यात सोडून चालत निघालेल्या साहेबलोकांना वस्तीतल्या बायकांनीच चहा-बिस्किटं दिली, कोरडे कपडे दिले, आपल्या खोलीत बसायला जागा दिली. तुझी मावशी तेव्हा तिथेच राहत असेल तर तिनेही कुणाला तरी हात दिला असणार. मदत घेणं काय आणि देणं काय, तिला दोन्ही माहीत आहे. तिला लागलं ते तुझं ‘परत एकदा’. पहिल्यांदा तिने किट घेतलं ती मदत होती. दुसऱ्यांदा घेतलं तेव्हा तिने गरीब बाईचं काम करून दाखवलं, आणि ते करून घेणारा होता तिनेच अंगाखांद्यावर वाढवलेला पोरगा. सासूचा टोमणा वरून पडला, इतकंच.

आता साहेब.

त्यांना खरंच वाईट वाटतं का, हे मला सांगता येणार नाही. तुलाही कळणार नाही, अगदी शेजारच्या सीटवर बसून गेलास तरी. पाच मिनिटं गप्प होते म्हणतोस. कदाचित पोटात कालवलं असेल, कदाचित पुढच्या दौऱ्याला उशीर झाला होता. मी पस्तीस वर्षं एका वॉर्ड ऑफिसात काढली. तिथे बसलेल्या माणसाला नेत्यांचे चेहरे वाचायला येतात, असं लोकांना वाटतं. मला नाही आले.

२००५ च्या पुरानंतरची गोष्ट सांगते. आमच्या वॉर्डात तेव्हा दोन नेते आले. एक तिसऱ्या दिवशी आले, पाच-सहा गाड्या घेऊन. एका घरात म्हातारी आणि तिचा नातू दोघंही गेले होते. तिथे ते खाली बसले आणि ढसाढसा रडले. आम्ही मागे उभे होतो, आमच्याही डोळ्यांत पाणी आलं. मला आजही वाटतं, की ते रडणं खरं होतं. पण नंतर ते पुन्हा त्या गल्लीत दिसले नाहीत. दुसरे आले ते एकटे, छत्री घेऊन, पॅण्ट गुडघ्यापर्यंत दुमडून. कुणापुढे हात जोडले नाहीत, कुणाच्या डोक्यावरून हात फिरवला नाही. सार्वजनिक नळाच्या कट्ट्यावर बसले आणि आमच्या साहाय्यक अभियंत्याला खेकसून विचारलं, ‘गाळ कधी उचलणार?’ उत्तर डायरीत लिहून घेतलं. बायका म्हणाल्या, काय खडूस माणूस आहे. आठव्या दिवशी तीच डायरी घेऊन ते परत आले. गाळ तसाच होता. मग जे काही झालं ते छापण्यासारखं नाही, पण संध्याकाळी डंपर लागले. आता त्यांनी ते कळवळ्याने केलं की मतांसाठी, देव जाणे. कुजलेल्या गाळाचा वास गेला आणि पोरांचे जुलाब थांबले.

म्हणून ‘खरं वाईट वाटतं का’ हा प्रश्न तू सोडून दे असं मी म्हणते. त्याचं उत्तर मिळालं तरी तुझ्या हातात काही येणार नाही.

पण यावरून असा अर्थ काढू नकोस, की नुसतं काम केलं म्हणजे झालं, वागण्याला किंमत नाही. जुलै २०२१ मध्ये चिपळूण बुडालं होतं. मुख्यमंत्री बाजारपेठेत आले तेव्हा एक दुकानदार बाई रडत रडत मदत मागत होती. सोबतच्या आमदारांनी तिला ज्या सुरात उत्तर दिलं आणि वर तिच्या मुलाला ‘आईला समजव’ म्हणून सांगितलं, तो व्हिडिओ सगळ्या महाराष्ट्राने पाहिला. पुढच्या दहा दिवसांच्या आत राज्य सरकारने पूरग्रस्तांसाठी ११,५०० कोटींची मदत जाहीर केली. तो आकडा आज कुणाला विचार, आठवणार नाही. तो सूर मात्र आठवतो. माणूस बुडालेला असला की त्याचे कान फार तिखट होतात.

आपल्याकडे याला एक चांगला शब्द आहे, समाचार. दुखवट्याच्या घरी आपण समाचाराला जातो. त्याची एक रीत असते, कुणी शिकवत नाही, बघून बघून येते. तिथे पहिला शब्द आपण बोलत नाही. चहाची अपेक्षा ठेवत नाही. शेजारून पिठलं-भात येतो, तो कुणी आणला याची चर्चा होत नाही. निघताना ‘येतो’ म्हणत नाहीत, गुपचूप उठून निघतात. आता सांग, अशा घरी जाऊन कुणी ‘काकू, जरा परत एकदा रडा’ म्हणेल का? तुझ्या साहेबांच्याही घरी कधीतरी कुणी गेलंच असेल. तेव्हा त्यांनी लोकांना कसं वागताना पाहिलं, ते त्यांना आठवत असणार. आपत्तीत फक्त ते विसरायला होतं, कारण तिथे ताफा असतो, बाइट असतो आणि तुझ्यासारखा एक मुलगा मोबाइल आडवा धरून उभा असतो.

तरी नेत्यांनी जाऊच नये, असं माझं म्हणणं नाही. नाही गेले तर आपणच म्हणतो, ‘तोंडसुद्धा दाखवलं नाही’. जाण्याने फरक पडतो. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट, किल्लारीचा भूकंप. आदल्या रात्री अनंत चतुर्दशी होती, मुंबईत विसर्जनं आटोपत होती. तेव्हाचे मुख्यमंत्री शरद पवार त्याच सकाळी किल्लारीत पोचले. यंत्रणा हलली त्यात त्यांच्या जाण्याचा वाटा मोठा होता. पण त्याच माणसाने पंतप्रधान नरसिंह रावांना मात्र ‘आत्ता येऊ नका, दहा दिवसांनी या’ अशी विनंती केली होती, कारण पंतप्रधान आले की सगळे अधिकारी त्यांच्या बंदोबस्तात अडकतात. रावांनी ते ऐकलं. जुलै २०२१ च्या पुरात पवारांनीच ही आठवण सांगून, ज्यांचं काम नाही त्यांनी पूरग्रस्त भागात दौरे काढू नयेत, असं आवाहन केलं. (मी त्यांच्या पक्षाची नाही. कुणाच्याच पक्षाची नाही, वॉर्ड ऑफिसात पस्तीस वर्षं काढल्यावर तेवढं शहाणपण येतं.) तर ज्याच्या जाण्याने काम हलतं त्याने पहिल्या तासाला जावं, आणि ज्याच्या जाण्याने अडतं त्याने घरी बसावं, यातही माणुसकी असते. डोंगरावरच्या इर्शाळवाडीला जायला रस्ता नव्हता. जुलै २०२३ मध्ये दरड कोसळली, त्याच्या दुसऱ्या दिवशी मुख्यमंत्री एकनाथ शिंदे चिखलातून पायी वर गेले. ते चालणं वाया गेलं असं मी म्हणणार नाही.

आणि उलटी उदाहरणं तर तुझ्या धंद्यातलीच आहेत. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगली-कोल्हापूर पाण्याखाली असताना एका मंत्र्यांचा बोटीतला हसरा सेल्फी-व्हिडिओ फिरला. त्याच पुरात मदतीच्या पाकिटांवर नेत्यांच्या फोटोंचे स्टिकर लागले. तांदूळ सरकारचा, चेहरा नेत्याचा. सहा वर्षांनी मराठवाड्यात पूर आला, तेव्हा किटांवरच्या फोटोंवरून पुन्हा तोच वाद. म्हणजे शिकलं कुणीच नाही. तो स्टिकर छापून आणणारा, तो व्हिडिओ काढणारा, कुणीतरी तुझ्याच वयाचा मुलगा असणार. त्यानेही कुणाला पत्र लिहिलं असेल का, असा विचार मनात येऊन गेला.

आता मुंबईचं थोडं वेगळं आहे, ते तू साहेबांना समजावून सांग. गावाकडे पूर येतो तो आठ-आठ दिवस राहतो. आपल्याकडे पाऊस आणि मोठी भरती एकत्र आली की पाणी चढतं, ओहोटी लागली की काही तासांत उतरतं. टीव्हीवाले निघून जातात. पण गादी, फ्रीजचा कॉम्प्रेसर, पोरांची दप्तरं, शिलाई मशीन, डब्यातलं पीठ हे सगळं त्या काही तासांतच जातं. केंद्राच्या २०२२ ते २०२६ च्या निकषांत कपडे आणि भांड्यांसाठी कुटुंबामागे प्रत्येकी अडीच हजारांची मदत होती, पण त्यासाठी घर वाहून गेलेलं, पूर्ण पडलेलं किंवा दोन दिवसांहून जास्त पाण्यात असावं लागायचं. मुंबईत कुणाचं घर दोन दिवस पाण्यात राहतं? राज्य सरकार वेळोवेळी अटी सैल करतं, जास्तीचे पैसेही देतं, पण ते मिळतात पंचनामा झालेल्याला. आणि पंचनाम्याला तलाठी येईपर्यंत आपल्या बायकांनी घर धुऊन, पुसून, अगरबत्ती लावून लखलखीत केलेलं असतं! चिखल दिसत नाही, म्हणजे नुकसान नाही. हे मी डोळ्यांनी बघितलंय. आपल्या स्वच्छतेपायी आपलंच नुकसान.

इथे तुझा मोबाइल कामाचा आहे. पाणी उतरल्या उतरल्या, केरसुणी लागायच्या आत, प्रत्येक खोलीचे चार फोटो काढ. भिंतीवरची पाण्याची रेघ, भिजलेलं सामान, घराचा नंबर. माणूस एकही नको. ते फोटो साहेबांच्या पेजवर टाकू नकोस, ज्याच्या घराचे आहेत त्याला पाठव आणि तलाठ्याला दाखवायला लाव. साहेबांना म्हण, तुमच्या लेटरहेडवर तहसीलदारांना पत्र द्या, अमुक गल्लीत पंचनामे झालेले नाहीत, माणूस पाठवा. त्या पत्राची पोच घेऊन ये. टाकायचीच असेल तर ती पोच टाक पेजवर. लाइक कमी पडतील, हे कबूल.

साहेबांची बाजूही मांडते, नाहीतर तू म्हणशील ताई एकतर्फी. मार्च २०२२ पासून जवळजवळ चार वर्षं मुंबई महापालिकेत नगरसेवकच नव्हते, प्रशासक होता. निधी नाही, सही नाही, अधिकारी फोन उचलतील याचा भरवसा नाही. अशा वेळी गल्लीतल्या नेत्याकडे देण्यासारखं उरतं काय? किट आणि स्वतःचा चेहरा. मग तो तेच देत सुटतो. शिवाय फोटो सगळ्यांनाच खुपतो असंही नाही. ‘साहेब आमच्या दारात आले होते’ म्हणून तोच फोटो स्टेटसला लावणाऱ्या बायका तुझ्या गल्लीतही असतील. त्यांनी मागितला तर काढ की. ज्याला हवा त्याचा काढावा, विचारून काढावा, आणि दुसऱ्यांदा किट हातात देऊन कुणाचाच काढू नये.

आणि रीळच करायची तर एप्रिल-मेमध्ये कर, नाल्याच्या काठावर. मिठीचा गाळ उपसण्याच्या कंत्राटांमध्ये सुमारे ६५ कोटींचा गैरव्यवहार झाल्याच्या आरोपावरून मे २०२५ मध्ये गुन्हा दाखल झाला. खरंखोटं कोर्टात ठरेल. पण ज्या काठावर तुझी वस्ती आहे तिथे डंपर किती आले, रिकामे आले की भरून गेले, हे उन्हात उभं राहून मोजायला किती नेते कॅमेरा घेऊन गेले, हे तुला माहीत आहे आणि मलाही. उन्हाळ्यात त्या काठावर उभं राहणारा नेता ऑगस्टात मावशीच्या दारात नुसत्या हातांनी आला, तरी ती त्याला आत बोलावेल.

मघाशी म्हटलं, समाचाराहून निघताना ‘येतो’ म्हणत नाहीत. पूर आलेल्या घराचं मात्र उलटं आहे. तिथे ‘येतो’ म्हणून निघावं आणि यावं. साहेबांना एवढं एकच पटवून बघ. पाणी भरल्यापासून पंधराव्या दिवशी त्याच गल्लीत परत फेरी, गाडी लांब उभी करून, तुझ्याशिवाय. तू नसलास तर लोक खरं बोलतील. माळीणवर दरड आली ३० जुलै २०१४ ला, नवं गाव उभं राहिलं २०१७ मध्ये. मधल्या वर्षांत त्या माणसांना किती जणांनी विचारलं असेल, याचा विचार कर.

काम सोडू का, विचारतोस. आत्ता नको. अठरा हजार म्हणजे तुझ्या घरचं भाडं, गॅस आणि आईची औषधं असणार, आणि जूनच्या तोंडावर हातातलं काम सोडून घरात पाणी भरायची वाट बघत बसणं यात काही शौर्य नाही. आधी साहेबांशी बोल. गाडीत नको, चार माणसांसमोर तर मुळीच नको, सकाळी ते ऑफिसात एकटे असताना. मावशीचं सगळं सांग, संगमेश्वरच्या सासूसकट. भाषण ठोकू नकोस, घडलं तेवढं सांग आणि म्हण, ‘साहेब, यापुढे मी घेणाऱ्याचा चेहरा काढणार नाही.’ ते ऐकतील, असा माझा अंदाज आहे. आपल्या फोटोमुळे एक मत गेलं, कदाचित सगळी चाळ गेली, हे नेत्याला लवकर कळतं. हसण्यावारी नेलं तर तेच पुन्हा एकदा सांग. दुसऱ्यांदाही ‘अरे, एवढं काय त्यात’ म्हणाले, तर मग शांतपणे दुसरीकडे बघायला लाग. लग्नाचे व्हिडिओ काढणाऱ्यांना तुझ्यासारखी मुलं लागतात, आणि तिथे ‘परत एकदा’ म्हटलेलं कुणाला लागत नाही.

राहिली मावशी. तो फोटो जिथे जिथे तुझ्या हातात आहे तिथून आजच काढून टाक. पुढे गेलेले परत येणार नाहीत, हे तिला सरळ सांग, ‘सगळीकडून काढला’ असं खोटं बोलू नकोस. साडी, मिठाई, पुष्पगुच्छ काही नेऊ नकोस, पुन्हा देण्याघेण्याचा प्रसंग नको. तिच्या मुलीच्या सासूला फोन करावा असंही तुझ्या मनात येईल. करू नकोस, ते घर तुझं नाही. मावशीला हवं असेल तर ती सांगेल.

तू जा संध्याकाळी, ती भाकऱ्या थापत असेल तेव्हा. लहानपणी बसायचास तिथेच बस. ती बोलणार नाही, तू पण घाई करू नकोस. मग विचार, गेल्या वर्षी तुझा पंचनामा झाला होता का? पैसे आले का खात्यात? माझी खात्री आहे, तू आजवर हे तिला विचारलेलं नाहीस. झाला नसेल तर एक दिवस सुट्टी टाकून तिला तहसील कार्यालयात घेऊन जा. आधार, रेशनकार्ड, पासबुक, प्रत्येकाच्या दोन झेरॉक्स. तिथे रांग मोठी असते आणि बसायला बाक नसतो, तिच्यासाठी घडीची खुर्ची घे. गेल्या वर्षीचं आता मिळेल याची हमी कुणी देणार नाही, पण अर्ज नोंदवून त्यावर शिक्का मारून घ्या. रांगेत तीन-चार तास जातील. तेवढ्यात ती तुला शिव्या घालेल. घालू दे.

पोटमाळ्यावरच्या किटचा विषय तू काढू नकोस. आतल्या पिठात एव्हाना किडे झाले असतील, ते ती तुझ्यासमोर टाकेल किंवा तुला टाकायला सांगेल. आणि जाताना फोन घरी चार्जिंगला लावून जा.